रिकाम्या बॅगेचं वजन

"हेमे, तो शब्द पुन्हा सांग!"

"बुएनोस दियास," हेमलताने स्पॅनिशमधला नमस्कार पुन्हा म्हटला. सकाळपासून ती हे इतक्या वेळा म्हणाली होती, की तिच्या तोंडाला कोरड पडली होती.

"बिनोस... दिवस!" शालिग्राम आबांनी टोपी सरळ करत प्रयत्न केला.

"दिवस नाही आबा, दियास!"

"अगं, दिवसालाच दियास म्हणतात ना ते लोक? मग मी दिवस म्हटलं तर काय बिघडलं? समजून घेतील!"

तिचा धाकटा भाऊ विपिन खो खो हसला. हेमलता हसली नाही. तिला हसायचाही कंटाळा आला होता.

मे महिन्यातली दुपार होती. वीज गेली होती. केळीचे घड मोजून ट्रकमध्ये भरायची ती पत्र्याची शेड तव्यासारखी तापली होती आणि आत गावातले बागाईतदार जमिनीवर नकाशा पसरून बसले होते. नकाशात उत्तर आणि दक्षिण अमेरिकेच्या मध्ये एक बारीक चिंचोळी पट्टी होती आणि त्या पट्टीत करंगळीच्या नखाएवढा एक देश होता. कोस्टारिका!

जूनमध्ये ही सगळी मंडळी तिथल्या केळीच्या बागा बघायला जाणार होती. हेमलताचे वडील लीलाधर नाना जाणार होते, सोसायटीचे चेअरमन शालिग्राम आबा जाणार होते, नानांचे चुलतभाऊ रतिलाल काका जाणार होते, आणखीही दोघं-चौघं होते. यांतल्या एकानेही विमान जवळून पाहिलं नव्हतं. आणि इंग्रजी कागद वाचायला घराघरातून एकच हाक यायची, "हेमलताला बोलवा!" ती नुकतीच आठवी पास झाली होती आणि तिचं इंग्रजी चांगलं होतं, हाच तिचा गुन्हा.

सुट्टी कधी सुरू झाली आणि कुठे गेली, तिला कळलंच नव्हतं. धाकटा विपिन दिवसभर आंबे खाऊन कंटाळला होता. आणि शिंदखेड्याहून सुट्टीला आलेला अभिमन तर पार हिरमुसला होता. त्याचे वडील आणि नाना धुळ्याच्या कृषी विद्यालयात बरोबर शिकलेले. 'रोज विहिरीत पोहायला मिळेल' या आशेवर तो आला होता आणि इथे रोज कोस्टारिका ऐकत बसला होता.

"उद्या सगळे जळगावला," नाना डोळे चोळत म्हणाले. "व्हिसाचे फोटो काढायचे आहेत. हेमा, तूही चल. फॉर्मवर काय काय विचारतात देव जाणे."

"नाना, मी उद्या तरी झोपू का?"

"विमानात बसलो की आम्ही झोपू, मग तूही झोप," नाना म्हणाले. त्यांचाही चेहरा ओढलेला होता. रात्री मोटारीला वीज यायची, तेव्हा बागेला पाणी द्यायला तेच उठायचे. त्यामुळे हेमलता पुढे काही बोलली नाही.

एसटी सावद्याहूनच भरून आली होती. भुसावळ सोडलं तेव्हा सगळ्यांचे डोळे पेंगत होते. खिडकीतून येणारा वारा भट्टीसारखा लागत होता. रतिलाल काका कुणाशी न बोलता वरच्या फळीवर ठेवलेल्या आपल्या बॅगेकडे बघत होते. रेक्झिनची नवी कोरी काळी बॅग. खास कोस्टारिकासाठी घेतलेली.

"एका दिवसासाठी एवढी मोठी बॅग कशाला आणली असेल काकांनी?" विपिनने विचारलं.

"अरे, मिरवायला," हेमलता जांभई देत म्हणाली.

नशिराबाद आलं आणि एक फेटेवाले गृहस्थ ओरडत उठले, "ए! कोणाची बॅग आहे ही? डोक्यावर पाणी टपकून राह्यलं!"

रतिलाल काका ताडकन उभे राहिले. इतक्या घाईने त्यांनी बॅग ओढली, की शेजारच्या बाईंची पिशवी खाली आली.

"माफ करा, माफ करा! पाण्याची बाटली फुटली वाटतं!"

"पाणी असं मळकट असतं का?" गृहस्थ फेट्याचं ओलं टोक हुंगत म्हणाले. "आणि वास कसला येतोय हा?"

काकांनी बॅग मांडीवर घेतली आणि जळगाव येईपर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवली. विपिन "मी धरतो ना काका" म्हणून पुढे झाला, तर त्याच्यावर ते केवढ्याने खेकसले!

फोटोवाल्याच्या दुकानातही बॅग त्यांच्या पायांत होती. तिथे वेगळाच गोंधळ चालला होता. फोटोत कान दिसले पाहिजेत, म्हणून आबांना टोपी काढायला सांगितलं होतं. चारचौघांत टोपी काढायची म्हणजे आबांना कपडे काढल्यासारखं वाटत होतं. सगळे त्यांची समजूत घालत होते. तेवढ्यात अभिमन हळूच हेमलताच्या कानाशी आला.

"हेमाताई, तो वास पाण्याना नही शे. केळीना कंद कुजस ना, तसा वास येस!" घाईत असला की तो घरच्या अहिराणीवरच यायचा.

हेमलताने बॅगेकडे पाहिलं. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच तिची झोप उडाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं सुपडू शिंप्याच्या ओट्यावर जाऊन बसले. सुपडू आबांच्या कोटाला बटणं लावत होता.

"सुपडूकाका, रतिलाल काकांची बॅग तुम्हीच शिवली का हो?" विपिनने भाबडेपणाने विचारलं.

"बॅग नाही रे, बॅग विकतची. मी नुसतं दुहेरी बूड लावलं," सुपडू म्हणाला आणि त्याने जीभ चावली. "कोणाला सांगू नका रे! त्यांनी बजावून सांगितलंय."

"दुहेरी बूड? म्हणजे?"

"म्हणजे खाली एक कप्पा. वरून बघितलं तर कळणार नाही. आतून गोणपाट, वर रेक्झिन. आता जा तुम्ही. मला या आबांच्या कोटाने दमवलंय. कोस्टारिकात ऊन असतं म्हणे, तरी कोट पाहिजेच!"

तिघं उठले ते थेट रतिलाल काकांच्या बागेत गेले. बाग नानांच्या बागेला लागूनच होती. विहिरीजवळ मोटारीची खोली होती. दाराला कुलूप नव्हतं, नुसती तार गुंडाळलेली. काका त्या वेळी सोसायटीत गेलेले असतात, हे विपिनला ठाऊक होतं.

"आत जायचं?" हेमलता घुटमळली. "काकांना विचारल्याशिवाय?"

"विचारलं तर सांगतील का?" अभिमन म्हणाला आणि त्याने तार सोडली.

आत कोंदट अंधार होता. मोटारीच्या मागे भिंतीला लागून तेलाचे जुने डबे ओळीने ठेवले होते. प्रत्येकात माती होती आणि प्रत्येक मातीत केळीचा एकेक कंद लावलेला होता. काही कंद काळे पडून कुजले होते. काही सुकून सुरकुतले होते. फक्त एका डब्यात हिरवी, गुंडाळलेली, बोटाएवढी कोवळी पालवी वर आली होती. बाजूला ओल्या गोणपाटाचे तुकडे, प्लॅस्टिकच्या पिशव्या, लाकडाचा भुसा असं बरंच काही पडलं होतं.

"काकांनी नर्सरी काढली!" विपिन म्हणाला.

"बाहेर एवढी बाग उभी असताना डब्यात?" हेमलता खाली बसली. तिने गोणपाटाचा तुकडा हुंगला. बसमधला तोच वास! "हे बघा. कंद गोणपाटात गुंडाळायचा, बॅगेच्या बुडात ठेवायचा, दोन-तीन दिवस फिरवायचा आणि मग डब्यात लावून बघायचं. जगतो की मरतो!"

"पण आपले कंद कोस्टारिकाला कशाला न्यायचे?" विपिनने विचारलं.

"न्यायचे नाहीत रे," अभिमन हळूच म्हणाला. "तिथले आणायचे. चोरून! ही सगळी तालीम आहे!"

बाहेर केळीची पानं उन्हात खडखडत होती.

हेमलताला इंदिरा आत्याची बाग आठवली. आत्याचं गाव तापीपलीकडे. तिथे दुसरीकडून कुणीतरी आणलेलं बेणं लावलं होतं. पहिल्यांदा एका झाडाची पानं पिवळी पडून खाली लोंबली. मग त्याच्या शेजारचं झाड. मग ओळच्या ओळ. खोड चिरलं की आत तांबड्या-काळ्या रेषा दिसायच्या. हेमलता तेव्हा लहान होती. आत्याने कमरेएवढी झाडं स्वतःच्या हाताने तोडून जाळली, तो धूर तिने पाहिला होता. आत्या आता तिथे ज्वारी घेते. केळीचं नाव काढलं तरी उठून आत जाते.

"बाबा म्हणतात, कंद कितीही धुतला तरी रोग डोळ्यांना दिसत नाही," अभिमन म्हणाला. "एकदा मातीत गेला की वर्षानुवर्षं तिथेच राहतो. म्हणून परदेशातून रोप आणायचं तर आधी सरकारी तपासणी करावी लागते."

"काकांच्या बागेला लागून आपली बाग. आपल्याला लागून आबांची," हेमलता म्हणाली. "पाटाचं पाणी एकच आहे."

ती दुपारीच नानांकडे गेली. नाना जेवून ओसरीत आडवे झाले होते.

"नाना, रतिलाल काका कोस्टारिकाहून कंद आणणार आहेत. लपवून!"

"हं."

"नाना, ऐकताय ना? आत्याच्या बागेसारखं होईल!"

"हो गं... परत आल्यावर बोलू आपण..." आणि वाक्य संपायच्या आत नाना घोरायला लागले. आईने तोंडावर बोट ठेवून तिला खुणावलं. आईला नानांची ती घटकाभराची झोप सोन्यासारखी वाटत होती.

आबांकडे गेली, तर ते आरशासमोर कोट घालून घामाघूम उभे होते. "पोरी, ज्याच्या बॅगेत काय असेल ते ज्याचा तो पाहील. मले अगोदर हे सांग, विमानात धोतर चालतं का?"

हेमलता परत येऊन पायरीवर मटकन बसली. "कोणी ऐकतच नाही. मी त्यांचे सगळे कागद वाचते आणि माझं एक वाक्य ऐकायला कुणाला वेळ नाही!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाने आलं की थकव्याने, तिलाच कळलं नाही.

अभिमन तिच्याजवळ बसला. तो पायाने माती उकरत होता. मग म्हणाला, "ताई, ही मोठी माणसं सध्या एकाच गोष्टीला घाबरतात. विमानतळाला!"

"मग?"

"मग आपण त्यांना विमानतळ दाखवू!"

ती कल्पना मंडळींनी उचलूनच धरली. विमानतळाची तालीम! कुठे उभं राहायचं, कुणाला काय दाखवायचं, सगळं आधीच कळेल! आबा तर एवढे खूश झाले, की त्यांनी शेड झाडून घ्यायला दोन माणसं लावली.

"सगळ्यांनी खऱ्या बॅगा आणायच्या," हेमलताने जाहीर केलं. "जाताना जी नेणार तीच. जायची तपासणी होणार नाही, थेट परत आल्यावर मुंबईत कस्टमवाले करतात ती होणार. फार कडक असते ती. काही म्हणजे काही सुटत नाही!"

हे शेवटचं वाक्य ती रतिलाल काकांकडे न बघता बोलली.

"काका भरलेली बॅग आणतील का?" विपिनने नंतर विचारलं.

"आणतील. ती बॅग पकडली जाते का, हेच तर त्यांना बघायचंय," हेमलता म्हणाली. "एवढे दिवस ते कंदाची तालीम करतायत. आता बॅगेची तालीम आयती मिळतेय!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच शेडमध्ये विमानतळ उभा राहिला. घड ठेवायच्या लाकडी पाटांचा काउंटर झाला. विपिन दारात शिट्टी घेऊन उभा होता. अभिमनने आबांचा नवा कोट चढवला होता. बाह्या पार बोटांच्या खाली लोंबत होत्या. तो कस्टमचा साहेब. आणि हेमलता मोठी साहेबीण, खुर्चीवर बसलेली.

"पुढे या! रांग मोडू नका!" विपिनने शिट्टी फुंकली.

आबांच्या बॅगेतून लोणच्याची बरणी निघाली. "ही नीट बंद करा, नाहीतर कोस्टारिकाला पोचेपर्यंत लोणचं कपड्यांतच मुरेल!" अभिमनने बजावलं. सगळे हसले. नानांच्या बॅगेत कपडे आणि पुरणाच्या पोळ्यांची खोकी निघाली. इतके दिवस कंटाळलेली माणसं पहिल्यांदाच खळखळून हसत होती.

मग रतिलाल काका आले. काळी बॅग त्यांनी अलगद पाटावर ठेवली.

"काही लपवलेलं आहे?" अभिमनने आवाज जाड करून विचारलं.

"काही नाही साहेब!"

अभिमनने एकेक वस्तू बाहेर काढली. शर्ट, टॉवेल, दाढीचं सामान, चिवड्याचा डबा. मग बॅग उलटी करून झटकली. काही पडलं नाही. आतून हात फिरवला. काही लागलं नाही. काकांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. सुपडूचं काम पक्कं होतं!

"झालं? जाऊ मी?"

"एक मिनिट काका," हेमलता उठली. "साहेब, ती रिकामी बॅग काट्यावर ठेवा."

शेडच्या मध्यभागी घड तोलायचा मोठा काटा होता. अभिमनने रिकामी बॅग त्याच्यावर ठेवली.

काटा खाली बसला! एखादा चांगला भरलेला घड ठेवावा तसा!

सगळ्यांचा जन्म त्या काट्यासमोर गेला होता. रिकामी बॅग केवढी जड असते आणि घड केवढा, हे कुणाला सांगावं लागत नव्हतं.

"रतिलाल," आबा सावकाश म्हणाले, "ही बॅग रिकामी शे ना रे?"

काकांच्या कपाळावरून घाम ओघळला. नानांनी बॅग उचलली, बुडाशी चाचपली आणि खिशातल्या चाकूने शिवण उसवली. ओल्या गोणपाटात गुंडाळलेले केळीचे कंद एकामागून एक पाटावर पडले.

"हे तर आपलेच कंद आहेत!" नाना चकित झाले.

"आत्ता आपले आहेत. येताना तिथले असतील," हेमलता म्हणाली. मोटारीची खोली, तेलाचे डबे, दुहेरी बूड, तिने सगळं सांगितलं. "नाना, मी तुम्हाला सांगायला आले होते. तुम्ही झोपलात. आबा, तुम्हालाही सांगितलं होतं. इंदिरा आत्याची बाग कशी गेली, तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. मग तीच गोष्ट आपल्या हाताने विमानातून आणायची?"

नानांनी मान खाली घातली.

रतिलाल काका पाटावर बसले. एकदम म्हातारे दिसायला लागले. "वाईट करायचं नव्हतं गं मला," ते म्हणाले. "टूरवाल्यांनी फोटो दाखवला होता ना, माणसाएवढा घड... तो बघितल्यापासून झोप नाही मला. आमच्या बागेत एवढं राबतो. उन्हाळ्यात पानं करपतात, वावटळ आली की झाडं आडवी होतात. वाटलं, एकच कंद आणावा. एकच! सगळ्या गावाला त्यालाच फुटलेली पिलं लावायला वाटली असती मी."

"आणि त्याच्याबरोबर रोगही वाटला असता," आबा कडाडले. पण दुसऱ्याच क्षणी त्यांचा आवाज खाली आला. "तूच एकटा काय चुकला? पोरगी सांगायला आली, तर मी तिले धोतराचं विचारत बसलो."

"मी येत नाही कोस्टारिकाला," काका म्हणाले. "माझं नाव काढून टाका."

"नाही काका, तुम्ही जायलाच पाहिजे!" अभिमन कोटाच्या बाह्या मागे सारत पुढे आला. "डब्यातला एक कंद तुम्ही जगवलात की! ते लोक झाडाला आधार कसा देतात, पाणी किती देतात, घडाला पिशवी कशी घालतात, ते सगळं बघून या. ते डोक्यात भरून आणायला कस्टमवाले अडवत नाहीत!"

"आणि कंद पाहिजेच असला तर?" काकांनी हळूच विचारलं.

"तर आपण सोसायटीतर्फे सरकारकडे मागू," नाना म्हणाले. "तपासून, परवानगीने येईल. उशीर होईल. होऊ दे."

काकांनी कंदांकडे पाहिलं. मग मान हलवली आणि स्वतःच ते गोणपाट गोळा करायला लागले.

शालिग्राम आबांनी घसा साफ केला. सभेत बोलतात तसे ते उभे राहिले. "मंडळी, आपण एवढे मोठे बागाईतदार. साता समुद्रापार निघालो. पण गावाच्या वेशीवर पहारा कुणी दिला, तर या तीन पोरांनी! अभिमन, तुझ्या बापाला मी स्वतः शिंदखेड्याला जाऊन सांगणार. विपिन, तुझी शिट्टी लई जोरात वाजली रे बाबा! आणि आमची हेमलता... हेमलता कुठंय?"

सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

घडांखाली घालायला आणलेल्या केळीच्या वाळलेल्या पानांचा एक ढीग शेडच्या कोपऱ्यात होता. मोठ्या साहेबीणबाई त्याच्यावर आडव्या झाल्या होत्या आणि त्यांना गाढ झोप लागली होती. आबांचं भाषण त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

"अगं हेमे!" आबांनी हाक मारली. "ऊठ, तुझं कौतुक करून राह्यलो आम्ही!"

"शू! आबा, हळू!" रतिलाल काका पुढे झाले. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि तिच्या तोंडावरच्या माश्या वारत जवळ बसले. "कौतुक संध्याकाळी करा. सुट्टी आहे तिची. झोपू द्या पोरीला."

मग एकेकाने आपापली बॅग उचलली आणि पायांचा आवाज न करता सगळे बागाईतदार त्या विमानतळावरून बाहेर पडले.